सोलापुरात मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकाम शिकायचं असेल तर

सुतारकाम शिकायचं म्हणून चार जणांना विचारलं की चार वाटा दाखवल्या जातात. कुणी आयटीआय सुचवतं, कुणी म्हणतं मोबाईलवर सगळं आहे, कुणी थेट कटर आणि ड्रिल घ्यायला लावतं. काय आधी आणि काय नंतर, हे मात्र ओळीने कुणी सांगत नाही. मी नोकरी सांभाळून एका जुन्या मिस्त्रींकडे उमेदवारी केली आणि अजूनही सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये असतो. तिथे जे दिसलं आणि उमजलं ते इथे क्रमाने मांडतोय. माझं एक मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: आधी धार आणि माप. या दोन गोष्टी हातात बसेपर्यंत मशीनच्या वाटेला जाऊ नका.

1. कोणतं सुतारकाम शिकायचं ते ठरवा

आज सोलापुरात ‘फर्निचरचं काम’ म्हटलं की बहुतेकदा प्लायवूड आणि सनमायका. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या नव्या फ्लॅटांमध्ये कपाटं, बेड, मॉड्युलर किचन हेच चालतं. त्यात कमाई लवकर सुरू होते. मापं, कटिंग, चिकटवणं आणि बिजागऱ्या बसवणं हे त्यातलं मुख्य कौशल्य.

दुसरं काम अख्ख्या लाकडाचं. दारा-खिडक्यांच्या चौकटी, देव्हारे, चौरंग, पाट, जुन्या पलंगांची आणि झोपाळ्यांची दुरुस्ती. इथे सांधे शिकायला मिळतात, लाकूड कसं वागतं ते कळतं. हे काम आलेला माणूस प्लायवूडचं काम पटकन उचलतो, उलटं मात्र सहसा होत नाही. म्हणून जमत असेल तर सुरुवात लाकडाच्या कामापासून करा, मग पुढे पोटापाण्यासाठी प्लायवूड करायचं असलं तरी.

आयटीआयचा कारपेंटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याचं प्रमाणपत्र नोकरीसाठी उपयोगी पडतं. प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतो. हा ट्रेड कोणत्या संस्थेत आहे ते त्या वर्षीच्या यादीत बघून घ्या. वय आणि वेळ हाताशी असेल तर जरूर करा, पण त्यानंतरही मिस्त्रीच्या हाताखाली काही काळ काढावाच लागतो.

2. मिस्त्री कसा शोधायचा

पाटी बघून शोधू नका. वखारीत जा. लाकूड कापून देणाऱ्या माणसाला बरोबर माहीत असतं की चौकटीचं काम कोण करतं, कोण लाकूड निवडून नेतं आणि कोण मिळेल ते उचलतं. ‘लाकडाचं हातकाम कोण करतंय अजून?’ एवढाच प्रश्न पुरतो. जुन्या पेठांमध्ये अजून असे कारागीर आहेत. हातमागाच्या दिवसांत मागाच्या दुरुस्तीवर हात बसलेली मंडळीही पूर्व भागात भेटतात.

शेडमध्ये गेलात की बोलण्याआधी तीन-चार गोष्टी नजरेने टिपा. पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट धारेच्या छिन्न्या, कशा ठेवल्यात? एकमेकींवर टाकलेल्या असतील तर तिथे धार शिकायला मिळणार नाही. धारेचा दगड हाताशी आहे की कोपऱ्यात धूळ खातोय? हाताखालची मुलं किती दिवसांपासून आहेत? एखादा पोरगा दोन-तीन वर्षं टिकून असेल आणि त्याच्या हातात रंधा दिसत असेल, तर तो मिस्त्री शिकवतो असं समजा. सगळी मुलं फक्त पॉलिशपेपर घासताना आणि फळ्या उचलताना दिसली, तर तिथून निघा.

भाषेची अडचण वाटू देऊ नका. शेडमध्ये निम्मं बोलणं तेलुगू, कन्नड किंवा दख्खनीत चालतं. माप सांगताना मधेच ‘रेंडू’ किंवा ‘एरडू’ येईल, दोन्हींचा अर्थ दोन. दहापर्यंतचे आकडे दोन्ही भाषांत पाठ करा, थोडक्या दिवसांत होतात. मिस्त्री वयाने लहान असला तरी अहो-जाहो करा. अण्णा, मामा, चाचा, उस्ताद, शेडमध्ये बाकीचे जे म्हणतात तेच तुम्ही म्हणा.

3. बोलणी आधीच करून घ्या

इथे संकोच केला की पुढे मनं दुखावतात. पहिल्याच भेटीत नाही, पण दोन-तीनदा जाऊन बसल्यावर या गोष्टी बोलून घ्या:

- रोज यायचं की ठरावीक दिवशी, आणि किती वाजता.
- पैशाचं काय. कुठे सुरुवातीचे महिने हजेरी मिळत नाही, कुठे हेल्परची मिळते, कुठे शिकवण्याचे पैसे द्यावे लागतात. तिन्ही रीती चालतात, फक्त आधी ठरलेलं असावं.
- हत्यारं कुणाची. मिस्त्रीची हत्यारं वापरायला मिळतील असं गृहीत धरू नका.
- गिऱ्हाइकाच्या कामाला हात कधी लावायचा आणि सरावाचं लाकूड कुठून घ्यायचं.
- सुट्टी. बरेच जुने मिस्त्री अमावास्येला हत्यार चालवत नाहीत. खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून, तेल लावून, झेंडू वाहून पूजेला मांडतात. त्या दिवशी सकाळी लवकर जा. आपलीही हत्यारं तिथे मांडा.

नोकरी असेल तर तसं स्पष्ट सांगा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काम होत नाही, पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत मिस्त्री पहाटेच सुरू करतात आणि ड्युटीच्या आधीचे दोन तास मिळू शकतात. माझं बरंचसं शिकणं असंच झालं.

4. हाताखाली कसं राहायचं

मिस्त्री सहसा समजावून सांगत नाहीत. ते करतात, तुम्ही बघायचं. माझे मिस्त्री पहिल्या दिवसांत एकच वाक्य बोलायचे, ‘हात नको लावू, आधी बघ की.’ नवख्याला वाटतं की हे टाळतायत. तसं नसतं. रंधा मारताना त्यांचं वजन कोणत्या पायावर आहे, फळीच्या सुरुवातीला कोणता हात दाबतो आणि शेवटाला कोणता, हे तोंडाने सांगता येत नाही. सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब, फळी संपताना मागच्या हाताचा. हे एकदा डोळ्याला दिसलं की स्वतःच्या हातात यायला वेळ लागत नाही.

विचारायचं कधी, हे महत्त्वाचं. आखणी चालू असताना अजिबात विचारू नका. एक आकडा चुकला तर पूर्ण फळी वाया जाते. फेविकॉल लावून झालेला असतानाही विचारू नका. चहाच्या वेळी विचारा, आणि हातात तुमचा तुकडा असू द्या. ‘सांधा सैल का होतो?’ असं मोघम विचारलंत तर ‘सरावाने येईल’ एवढंच उत्तर मिळेल. तोच सैल सांधा त्यांच्या हातात दिलात की ते उजेडाकडे धरतील, फिरवतील आणि बोटाने नेमकी जागा दाखवतील.

मोबाईलवर चित्रीकरण करायचं असेल तर परवानगी घ्या. आणि संध्याकाळी भुसा झाडून, हत्यारं पुसून जागेवर ठेवल्याशिवाय निघू नका. हत्यार ओलांडायचं नाही, त्याला पाय लावायचा नाही.

5. हत्यारं: काय घ्यायचं आणि काय थांबवायचं

सुरुवातीला एवढं पुरे:

- पटाश्या तीन: पाव, अर्धा आणि एक इंच
- एक लोखंडी जॅक रंधा (अनंत, ग्रोझ यांसारख्या भारतीय कंपन्यांचे मिळतात)
- एक हातकरवत आणि बारीक दातांची, पाठीला पट्टी असलेली एक टेनन करवत
- गुण्या (काटकोन बघायला), मेजर टेप, स्टीलची फूटपट्टी, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायला)
- लाकडी मोगरी आणि एक हातोडी
- दोन बाजूंचा धारेचा दगड, एक बाजू जाड आणि एक बारीक
- दोन-चार सी-क्लॅम्प (तुकडे आवळून धरायला)

पटाश्यांचा दहा-बारा नगांचा स्वस्त सेट घेऊ नका. त्यातलं पोलाद मऊ असतं, धार लावली की दोन ठोक्यांत जाते आणि नवख्याला वाटतं आपलाच हात वाईट. त्याच पैशात चांगल्या पोलादाच्या दोन येतात. जुनं हत्यार मिळालं तर सोन्याहून पिवळं. काम सोडलेल्या एखाद्या कारागिराच्या घरी सागवानी किंवा शिसवी रंधा पडून असतो. पातं जाड असेल आणि गंज वरवरचा असेल तर तो नीट होतो. घेण्याआधी मिस्त्रींना दाखवा.

मशीन, राऊटर (खाचा पाडायचं मशीन), कटर, सगळं थांबवा.

6. धार

या लेखातला सगळ्यात मोठा भाग हा आहे, कारण नवखे लोक इथेच काम सोडतात. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की दुसऱ्या हातात शिरते. धारदार पटाशी सांगाल तिथे जाते.

आधी पाठ. नवी पटाशी कंपनीतून सपाट येत नाही. तिची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, दगडाच्या जाड बाजूवर पूर्ण टेकवून पुढे-मागे घासा. धारेजवळचा इंचभर भाग एकसारखा चमकेपर्यंत हे करायचं. कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक पटाशीला आयुष्यात एकदाच करावं लागतं. पाठ टेकवताना मूठ जरा जरी वर उचलली गेली तर धारेची कड गोल होते, म्हणून दोन बोटं पात्यावर दाबून ठेवा.

मग उतार. नेहमीच्या कामाला 25 अंशांचा उतार आणि टोकाला बारीकशी 30 अंशांची कड. कोन मोजायला साधन लागत नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर तो 30 अंश असतो, सव्वादोन ते अडीचपट असेल तर 25 च्या आसपास. फूटपट्टी लावून बघा.

दगडावर पातळ तेलाचे थेंब टाका. रॉकेलमध्ये थोडं मशीनचं तेल मिसळून वापरतात. एकदा तेल लावलेल्या दगडावर पुन्हा पाणी वापरायचं नाही. उतार दगडावर टेकवा, मनगटं घट्ट ठेवा आणि हालचाल खांद्यातून येऊ द्या. मनगट हललं की उतार फुगीर होतो. दगडाची पूर्ण रुंदी वापरा, नाहीतर मधे खड्डा पडतो आणि पुढची प्रत्येक धार वाकडी येते.

कधी थांबायचं? पाठीवरून अंगठा हलकेच धारेच्या बाहेरच्या दिशेने सरकवा. धार झाली असेल तर टोकाला बारीक खरखर लागते. पोलादाचा केसाएवढा पापुद्रा उलटून मागे आलेला असतो. ही खरखर या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली पाहिजे. मधे कुठे गुळगुळीत लागलं तर तिथे अजून धार पोहोचलेली नाही. मग बारीक बाजूवर तेच करा. शेवटी पाठ पूर्ण सपाट टेकवून दोन-चार हलके हात मारले की पापुद्रा निघतो. चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची कांडी घासून त्यावर पटाशी मागे ओढली तर अजून चकाकी येते.

तपासायला मऊ लाकडाच्या आडव्या टोकावर, म्हणजे करवतीने कापलेल्या तोंडावर, पटाशी चालवा. पाईनच्या टोकावरून पातळ, अखंड साल निघाली आणि खालचा भाग चकचकीत राहिला तर धार आली. लाकूड चुरगळून पांढरट झालं तर परत दगडावर.

एक सापळा. वेळ वाचवायला पटाशी ग्राइंडरच्या चाकावर धरतात. टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. निळा झालेला भाग पूर्ण घासून काढावा लागतो. चाकावर धरायचीच असेल तर हलक्या हाताने, आणि दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवून.

रंध्याच्या पात्यालाही हीच रीत. करवतीची धार मात्र तीनधारी कानशीने लावतात आणि दात आळीपाळीने दोन बाजूंना वाकवतात. ते काम सुरुवातीला मिस्त्रींकडूनच करून घ्या.

7. माप आणि आखणी

शेडमध्ये सेंटिमीटर चालत नाही. इंच आणि सूत चालतं. एका इंचात 8 सूत, म्हणजे एक सूत 3 मिलिमीटरहून जरा जास्त. ‘दोन फूट साडेचार इंच एक सूत कमी’ असं माप तोंडी येतं आणि ते ऐकता क्षणी टेपवर दाखवता आलं पाहिजे. प्लायवूडची जाडी मात्र मिलिमीटरमध्येच बोलतात, 6, 12, 18. ही सरमिसळ डोक्यात बसायला थोडा वेळ लागतो.

टेपच्या टोकाची पत्री सैल असते, ती बिघडलेली नसते. बाहेरून अडकवून मोजताना आणि आत टेकवून मोजताना तिच्या स्वतःच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून ती तशी केलेली असते. ठोकून घट्ट करू नका. आणि एका वस्तूचं सगळं माप एकाच टेपने घ्या, दोन टेपांत एखादं सूत इकडे-तिकडे असतं.

नवा गुण्या विकत घेतलात की तिथेच तपासा. सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर काटकोन बरोबर. फाकल्या तर दुसरा मागा.

कापताना रेघ उरली पाहिजे. करवतीचं पातं टाकाऊ बाजूला चालवा, नाहीतर पात्याच्या जाडीएवढा तुकडा लहान होतो. टाकाऊ बाजूवर पेन्सिलीने फुली मारायची सवय लावा.

लाकूड घनफुटात विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि 144 ने भागा. 6 फूट लांब, 6 इंच रुंद, 2 इंच जाड फळी म्हणजे 72 भागिले 144, अर्धा घनफूट. वखारीतलं माप कच्चं असतं. दोन्ही बाजू रंधून घेतल्या की जाडीत सूत-दोन सूत सहज जातात, म्हणून हिशोब करताना तेवढी जाडी वाढवून घ्या.

8. लाकूड ओळखायला शिका

वखारीत ‘सीपी’, ‘बल्लारशा’ अशी सागाची नावं ऐकू येतील. सीपी म्हणजे पूर्वीचा सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, त्या भागातल्या जंगलांचा साग. बल्लारशा हे चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव. सागाचा गडद गाभा वाळवीला दाद देत नाही, पण कडेचा फिकट पांढरा भाग देतो. फळी घेताना तो पांढरा पट्टा किती आहे ते बघा. बाभूळ जड आणि चिवट असते, पूर्वी बैलगाड्यांना आणि शेतीच्या अवजारांना तीच लागायची. कडुनिंबावर सरावाचं काम चांगलं होतं. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला भुंगा लवकर लागतो.

सोलापूर भागात शिकाऊ माणसाला एक सोय आहे. जुनी माळवदाची घरं आणि वाडे उतरवले जातात, तेव्हा त्यातल्या तुळया, खांब, कडीपाट विकायला येतात. कित्येक वर्षं सुकलेलं हे लाकूड आता फारसं हलत नाही. हातोडीने ठोकून बघा, खणखणीत आवाज आला तर आतून भरीव, भद्द आला तर पोखरलेलं. खिळे मात्र सगळीकडे असतात, डोकं तुटलेले आणि लाकडात बुडलेले. रंधा लावण्याआधी ताकदीचं चुंबक पूर्ण फळीवरून फिरवा. एका खिळ्याने पात्याला जो खड्डा पडतो तो काढायला तासभर दगड घासावा लागतो.

ताजं कापलेलं लाकूड घेतलंत तर त्याला मुरू द्या. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष असा जुना अंदाज आहे. सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायचं. टोकांना ऑइल पेंट लावा, कारण पाणी टोकांतून सगळ्यात झपाट्याने उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावर टाकलेली ओली फळी लवकरच पीळ खाते.

वखारीतली पावती जपून ठेवा. लाकूड कुठून आणलं हे कुणी विचारलं तर तीच कामाला येते. शेतातलं किंवा दारातलं झाड तोडून लाकूड करायचा विचार असेल तर आधी परवानगीची चौकशी करा.

9. पहिली वस्तू पाट, दुसरी चौरंग

खुर्ची, टेबल नको. पाट करा. एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. दिसायला सोपा, पण त्यात सुतारकामाचा पाया सगळा येतो.

फळीचा एक चेहरा आधी सपाट करा. पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि एक डोळा मिटून जवळच्या पट्टीवरून लांबच्या पट्टीकडे बघा. त्या समांतर दिसल्या नाहीत तर उंच कोपरा रंधून घ्या. मग या चेहऱ्याला काटकोनात एक कड करा. दोन्हींवर पेन्सिलीने खूण करा, पुढची सगळी मापं याच दोन बाजूंपासून घ्यायची.

रंधा मारताना साल अखंड निघत नसेल आणि पृष्ठभाग उचकटत असेल तर तुम्ही लाकडाच्या उलट रेषेत चाललाय. फळी फिरवून घ्या. आडव्या टोकांवर रंधा कडेपासून मधल्या भागापर्यंतच मारा आणि मग दुसऱ्या कडेने या, सरळ पार नेलात तर शेवटची कड तुटते.

आता खरी गोष्ट. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत जवळजवळ काही होत नाही. खालच्या पट्ट्या या रुंदीला आडव्या बसतात. त्या फेविकॉलने पूर्ण चिकटवल्या की मे महिन्यात फळी आकसू बघते, पट्टी तिला अडवते आणि फळी मधोमध तडकते. म्हणून मधला स्क्रू घट्ट बसवा आणि कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. हे एकदा कळलं की जुन्या दारांचे दिलहे, म्हणजे चौकटीतल्या खाचेत बसवलेल्या फळ्या, मोकळे का ठेवतात तेही आपोआप कळतं.

चौरंगात कुसू-भोकाचा सांधा येतो, म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे तासून बारीक केलेली जीभ, आणि पायात त्याच्या मापाचं भोक. भोकाची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पाय दीड इंची असेल तर भोक अर्ध्या इंचाचं, आणि त्याला अर्ध्या इंचाची पटाशी चालते. आधी भोक पाडा, मग त्यात बसेल असं कुसू करा. कुसू ताशीत ताशीत बारीक करता येतं, भोक लहान करता येत नाही. हाताने दाबल्यावर अर्धं आत जावं आणि उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी, एवढा घट्टपणा हवा. जोरात ठोकावं लागलं तर पाय फाटतो.

चिकटवण्याआधी पूर्ण चौरंग कोरडा जुळवून बघा आणि दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की काटकोन साधला. उन्हाळ्यात फेविकॉल भराभर सुकतो, क्लॅम्प आधीच उघडून हाताशी ठेवा. आवळल्यावर कर्ण पुन्हा मोजा आणि रात्रभर हलवू नका.

काठवट करून बघायची इच्छा बऱ्याच जणांना होते, भाकरीच्या या मुलखात ते साहजिक आहे. पण अखंड लाकूड कोरून खोलगट करणं हे वेगळं कौशल्य आहे. चौरंग उभा राहिल्यावरच त्या वाटेला जा.

10. मशीनला हात लावण्याआधी

सर्वांत धोकादायक सवय म्हणजे हँड ग्राइंडरला लाकूड कापायचं दाताचं पातं लावणं. ग्राइंडर मिनिटाला 10,000 हून जास्त फेरे घेतो. दात लाकडात अडकला की मशीन उसळून अंगावर येतं, आणि बरेच जण त्याचं गार्डही काढून ठेवतात. कुणी सांगितलं, अगदी मिस्त्रींनी सांगितलं, तरी नम्रपणे नाही म्हणा. लाकूड कापायला सर्क्युलर सॉ वेगळा मिळतो.

फिरत्या मशीनवर हातमोजे नकोत, गळ्यात गमछा नको, मनगटात दोरा किंवा कडं नको. डोळ्यांना चष्मा, नाकाला एन-95 मास्क. पातं बदलताना बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढायची. शेडला अर्थिंग आहे का ते विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. मोठी जखम झाली तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा. बोट तुटलं तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा, थेट बर्फावर बोट ठेवू नका.

11. कागदपत्रं आणि योजना

हाताशी ठेवा: आधार, आधारला जोडलेला मोबाईल नंबर, बँक पासबुक, रेशन कार्ड, पॅन, फोटो.

- प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 1 लाख. बँकेत एक अर्ज भरायचा. पहिल्याच आठवड्यात घ्या.
- पीएम विश्वकर्मा: 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली योजना, 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर, 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख आणि मग 2 लाखांपर्यंत कर्ज. पण ही योजना स्वतःचा व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि एका कुटुंबातून एकालाच. शिकायला लागल्याबरोबर अर्ज करायला सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहा. काम सुरू झाल्यावर कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन नोंदणीची स्थिती विचारा.
- बांधकामाच्या साइटवर सुतारकाम करत असाल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो विकत घेऊ नका.
- उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. त्यासाठी फी मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

12. स्वतःचं पहिलं काम घेताना

मिस्त्रींना विचारून घ्या. त्यांच्या गिऱ्हाइकाचं काम परस्पर घेऊ नका, सोलापूर एवढं मोठं नाही की ते लपेल. पहिलं काम ओळखीतलं आणि लहान असावं. हलणारा पाट, न लागणारं दार, देव्हाऱ्याचा तुटलेला कळस. पावसाळ्यात घट्ट झालेलं दार लगेच रंधायला घेऊ नका. आता सैल केलंत तर उन्हाळ्यात फट पडेल. गिऱ्हाइकाला तसं सांगा आणि पाऊस ओसरल्यावर या.

भाव सांगताना लाकडाचे घनफूट, वाया जाणारा भाग, स्क्रू-बिजागऱ्या, पॉलिश आणि मजुरीचे दिवस वेगवेगळे लिहा. लाकडाचे पैसे आगाऊ घ्या. मापं लिहिलेल्या कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्या, आणि तो कागद वस्तू घरात बसेपर्यंत खिशात ठेवा.